तीन रिकाम्या चौकटी (जोडीदार आत्महत्येने गेल्यानंतरचा अपराधभाव)

ओसरी | १८ ऑगस्ट, रात्री ११.४०

या संकेतस्थळावर मी बारा वर्षांपासून आहे, परंतु या विषयासाठी वेगळा आयडी घेतला आहे. जुने सदस्य कदाचित लिहिण्यावरून ओळखतील. ओळखलेत तरी नाव घेऊ नका, एवढी विनंती.

६ फेब्रुवारी २०२५ रोजी माझा नवरा गेला. आत्महत्येने गेला. हा शब्द मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. गावाकडच्या नातेवाइकांना आम्ही हार्ट अटॅक असे सांगितले. सोसायटीत मात्र सर्वांना ठाऊक आहे, कारण त्या दिवशी पोलिसांची गाडी आवारात तीन तास उभी होती. तरीही लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण "अचानकच झालं ना हो" म्हणतो आणि मी "हो ना" म्हणून मजल्याचे आकडे बघत उभी राहते.

सप्टेंबर २०२२ पासून त्याच्यावर नैराश्याचे उपचार चालू होते. रात्री जेवण झाले की मी गोळी त्याच्या हातावर ठेवायचे आणि स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेल्या कालनिर्णयावर त्या दिवसाच्या चौकटीत निळ्या पेनाने बरोबरची खूण करायचे. शेवटच्या आठवड्यात तीन चौकटी रिकाम्या आहेत. ३० जानेवारीला ऑफिसात महिनाअखेरचे काम होते, मी घरी पोहोचले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते आणि तो झोपला होता. २ आणि ३ फेब्रुवारीला मामेबहिणीची हळद आणि लग्न म्हणून मी मुलीला घेऊन पालघरला गेले होते. "गोळी घे रे" असा फोन दोन्ही दिवशी केला, त्यानेही "घेतो" म्हटले. परत आल्यावर विचारले नाही, म्हणून खूणही केली नाही. त्यानंतर तिसऱ्या दिवशी तो गेला.

आदल्या संध्याकाळी त्याने मला मटार सोलून दिले होते. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तो आपणहून स्वयंपाकघरात येऊन बसला होता. मला बरे वाटले होते. आता वाटते, ते मटार पाहून मला कळायला हवे होते.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे आणि ती मी कोणाशीही बोललेले नाही. अडीच वर्षे मी सावध झोपत होते. तो उठला की पलंगाची फळी वाजायची आणि त्या आवाजासरशी मी जागी व्हायचे. तेराव्याच्या रात्री, पाहुणे गेल्यावर, मी साडेसात तास सलग झोपले. सकाळी उठले तेव्हा अंग हलके वाटत होते. त्या हलकेपणाची मला अजून शिसारी येते.

दहाव्याला बाणगंगेवर दीड तास कावळा शिवला नाही. एकेकाने पुढे होऊन वचने दिली. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले, मीही काहीतरी पुटपुटले, तरी नाहीच. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिवविला. सासूबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, परंतु पितृपक्षाच्या आत त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी करावा, असे त्या आता रोज म्हणतात.

मुलगी नऊ वर्षांची आहे. तिलाही हार्ट अटॅकच सांगितले आहे.

या वाटेने गेलेले कोणी इथे असतील तर सांगा, हे कधी कमी होते का, आणि कमी झालेले चालते का?

प्रशासक | १९ ऑगस्ट, सकाळी ८.०५

धागा चालू ठेवीत आहोत. मृत्यू कसा झाला याबद्दल कोणीही विचारू नये व लिहू नये, असे प्रतिसाद काढले जातील. वाचणाऱ्यांपैकी कोणाच्याही मनात स्वतःला संपविण्याचे विचार येत असतील तर केंद्र सरकारच्या टेलिमानस या सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. ती विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येते.

पारिजात | १९ ऑगस्ट, सकाळी ९.३०

ओसरी, माझा नवरा जाऊन सहा वर्षे झाली, तोही असाच गेला. तुम्ही लिहिलेले सगळे ओळखीचे आहे, मटारांसह. माझ्याकडे ते इस्त्रीचे कपडे होते. आदल्या दिवशी त्याने स्वतः जाऊन इस्त्रीचे कपडे आणले होते आणि पुढची दोन वर्षे मी त्या कपड्यांचा अर्थ लावीत बसले.

आधी कावळ्याचे सांगते, कारण ते सोपे आहे. आम्हीही बाणगंगेवरच होतो आणि आमचाही शिवला नाही. मी रडायला लागले तेव्हा गुरुजी कानाशी येऊन म्हणाले, "ताई, सकाळपासून तुमचा नववा पिंड आहे, कावळे जेवलेले आहेत." शोकात मला हसू आलेला तो पहिला क्षण, आणि अर्थातच त्या हसण्याबद्दलही मी पुढे स्वतःला बरेच दिवस छळले. मुंबईत पिंड खूप आणि कावळे तेवढेच, एवढाच तो हिशेब आहे.

झोपेबद्दल लिहायला थोडा वेळ हवा. संध्याकाळी लिहिते.

सद्भाव | १९ ऑगस्ट, दुपारी १२.१५

ताई, तुमच्या दुःखात सहभागी आहे. परंतु अपमृत्यूच्या बाबतीत विधी टाळू नयेत. इच्छा अपूर्ण राहिल्याखेरीज कावळा अडत नाही, हा आपल्या वाडवडिलांचा अनुभव आहे. आपल्या हातून सेवेत काही उणे राहिले असेल तर तिथे क्षमा मागता येते आणि मनही मोकळे होते. सासूबाई योग्य तेच सांगत आहेत.

गिरगाव चौपाटी | १९ ऑगस्ट, दुपारी ३.५०

सद्भाव, तुमचा हेतू चांगला असेल, परंतु अडीच वर्षे रोज रात्री गोळी हातावर ठेवणाऱ्या बाईला "सेवेत उणे राहिले असेल तर" असे लिहिण्याआधी दोनदा विचार करायला हवा होता. तिला तेच तर वाटते आहे. आपण त्यावर शिक्का मारून देतो आहोत.

ओसरी, मी पुरुष आहे. बायको जाऊन चार वर्षे झाली. लग्नाला पाच वर्षे झाली होती. लग्नानंतर सात वर्षांच्या आत विवाहितेचा असा मृत्यू झाला की कायद्याने चौकशी अधिक काटेकोर होते आणि कार्यकारी दंडाधिकारी जबाब घेतात. हा नियम का आहे हे मला समजते. हुंड्यापायी किती मुली गेल्या हे आपण सर्वांनी पाहिले आहे, तो नियम असलाच पाहिजे. परंतु तो ज्याच्या अंगावर येतो त्याला शोक करण्याआधी निर्दोष असल्याचे सिद्ध करावे लागते. सासरे शवागाराबाहेर माझ्याशेजारी बाकावर बसायलाही तयार नव्हते. चौकशीत माझ्याविरुद्ध काही निघाले नाही, कागद आला, सासऱ्यांनी तो वाचला आणि तरीही आजतागायत ते माझ्याशी बोललेले नाहीत.

गंमत म्हणा किंवा काही म्हणा, बाहेरच्यांनी माझ्यावर आरोप केले तोवर मी स्वतःवर केले नाहीत. बचाव करण्यात दिवस जात होते. कागद हाती आला त्या रात्रीपासून घरातला खटला सुरू झाला. या खटल्यात आरोपी, फिर्यादी आणि साक्षीदार मी एकटाच असल्यामुळे तो संपत नाही, तारखा पडत राहतात. आता निदान तारखांमधले अंतर वाढले आहे. पहिल्या वर्षी रोज, आता महिन्यातून एखाद वेळा, बहुधा रविवारी दुपारी.

पारिजात | १९ ऑगस्ट, रात्री ८.२०

झोपेबद्दल. ओसरी, रात्रपाळीचा पहारेकरी पाळी संपल्यावर झोपतो. त्याला पाळी संपल्याचा आनंद असतो, चोरी झाल्याचा नव्हे. अडीच वर्षांची पाळी संपली आणि तुमचे शरीर झोपले. त्याने तुम्हाला विचारले नाही, ते विचारीतही नाही.

माझ्या बाबतीत हलकेपणाच्या पाठोपाठ राग आला होता. तो आधीच सांगून ठेवते, म्हणजे आला की घाबरणार नाही. महापालिकेच्या विभाग कार्यालयात मृत्यूच्या दाखल्याच्या रांगेत उभी असताना मी मनातल्या मनात नवऱ्याला इतके घालूनपाडून बोलले की पुढच्या माणसाने वळून पाहिले. बहुधा ओठ हलत असावेत. प्रेम, राग, सुटकेची भावना आणि अपराधभाव एकाच रांगेत, एकाच टोकन क्रमांकावर उभे असतात.

नारायण नागबळीचे म्हणाल तर मी केला. माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. सासूबाईंसाठी केला. त्यांनाही अपराधी वाटत होते, पोटचा मुलगा होता. त्यांच्याकडे त्या वाटण्याचे करण्यासारखे दुसरे काहीच नव्हते. परतीच्या प्रवासात घोटीला गाडी थांबली तेव्हा त्यांनी सहा महिन्यांत पहिल्यांदा स्वतःहून चहा मागितला. मला तेवढे पुरले. परंतु तुम्हाला नको असेल तर त्यांना थोरल्या दिरांबरोबर पाठवा, स्वतःला फरफटत नेऊ नका.

जुने पंचांग | १९ ऑगस्ट, रात्री १०.१०

सद्भाव यांनी वाडवडिलांचे नाव घेतले म्हणून लिहितो. भाद्रपद वद्य चतुर्दशीला घात चतुर्दशी म्हणतात. शस्त्राने, अपघाताने किंवा आत्महत्येने गेलेल्यांचे श्राद्ध पितृपक्षात त्या तिथीला करण्याची रीत आहे. पहिले वर्ष सरल्यावर तुम्हीही करू शकाल. मी हे कर्मकांडाचा आग्रह म्हणून सांगत नाही. असे मृत्यू प्रत्येक काळात घरोघरी होत होते, म्हणून तर पंचांगाला त्यांच्यासाठी दिवस राखून ठेवावा लागला. ज्या समाजाने त्याला तिथी दिली त्याच समाजाने पुढे त्याला हार्ट अटॅक म्हणायला सुरुवात केली.

ठाण्याची समुपदेशक | २० ऑगस्ट, सकाळी ७.४५

मी समुपदेशनाचे काम करते. इथे लिहिलेले प्रत्यक्ष भेटीची जागा घेऊ शकत नाही, तरीही दोन गोष्टी लिहाव्याशा वाटतात.

मटारांबद्दल. १९७५ साली बारुख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. इंग्रज आणि गुरखे यांच्यात १८१४ च्या सुमारास झालेल्या लढाईविषयीचा एक मजकूर त्याने लोकांना वाचायला दिला. काही गटांना सांगितले की यात इंग्रज जिंकले, काहींना सांगितले की गुरखे जिंकले, काहींना शेवट सांगितलाच नाही. मजकूर सर्वांना एकच होता. मग विचारले की हे वाचून कोणता शेवट किती संभवनीय वाटतो? ज्यांना जो शेवट सांगितला होता त्यांना तोच अधिक संभवनीय वाटला, आणि तो आपल्याला आधीही तसाच दिसला असता अशी त्यांची समजूत झाली. शेवट कळला की माणूस मागचा मजकूर नव्याने वाचतो आणि आपण तो नव्याने वाचतो आहोत हे त्याच्या लक्षात येत नाही. तुमचा नवरा आज असता तर त्याच मटारांना तुम्ही "त्या दिवसापासून तो सुधारू लागला" असे म्हटले असते. मटार तेच राहिले असते.

गोळ्यांबद्दल. नैराश्यावरच्या औषधांचा परिणाम जाणवायलाच काही आठवडे लागतात, डोकेदुखीच्या गोळीसारखी ती त्या रात्रीपुरती काम करीत नाहीत. औषध चुकवू नये आणि डॉक्टरांना विचारल्याखेरीज बंद करू नये, हे इतर वाचकांसाठी आवर्जून लिहिते. परंतु तीन रिकाम्या चौकटींवरून कोणताही डॉक्टर मृत्यूचे कारण ठरविणार नाही. शिवाय त्या तीन दिवशी गोळी चुकली हेही तुम्हाला ठाऊक नाही. तुम्हाला फक्त खूण केली नाही एवढे ठाऊक आहे.

आणखी एक. दुःख सरळ रेषेत ओसरत नाही. मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट या नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडले की माणूस गमावलेल्याकडे आणि पुढच्या व्यवहाराकडे आलटूनपालटून जात राहतो आणि ही ये-जाच त्याला सावरते. सोमवारी तुम्ही महिनाअखेरचे काम नीट केलेत आणि मंगळवारी लोकलमध्ये रडलात तर मंगळवारी तुम्ही मागे गेलात असे समजू नका. मात्र झोप, खाणे, मुलीची देखभाल हे रोजचे पार कोलमडले असेल किंवा त्याच्या मागे जावेसे वाटत असेल, तर थांबू नका. मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो आणि तिथे खर्च अगदी कमी येतो.

निवृत्त विमा कर्मचारी | २० ऑगस्ट, दुपारी १.३०

विषय नाजूक आहे, तरी व्यवहाराचेही कोणी बोलले पाहिजे. माझ्या नोकरीत अशा कित्येक विधवा पाहिल्या ज्यांनी "आत्महत्या असली की विमा मिळत नाही" या ऐकीव माहितीवर दावाच केला नाही. तसे नाही. आयुर्विम्यात ही अट साधारणतः पॉलिसी सुरू झाल्यापासून किंवा बंद पडलेली पुन्हा चालू केल्यापासून पहिल्या १२ महिन्यांपुरती असते. त्यानंतर मृत्यू झाला तर रक्कम देय असते. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि पोलिसांचा अंतिम अहवाल लागतो. शेवटच्या कागदाला वेळ लागतो, तेव्हा पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. तसेच ते नोकरीत असताना गेले असतील आणि भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर त्याला जोडलेला ईडीएलआय विमा असतो, कमाल ७ लाखांपर्यंत. त्यासाठी कर्मचाऱ्याने वेगळा हप्ता भरलेला नसतो, म्हणून पुष्कळांना तो ठाऊकच नसतो. पत्नीचे निवृत्तिवेतन त्याखेरीज.

ओसरी | २० ऑगस्ट, रात्री ११.५५

सर्वांचे लिहिणे दोनदोनदा वाचले. पॉलिसी २०१४ ची आहे. अर्ज कपाटात भरून ठेवला आहे आणि सहा महिने तिथेच आहे. तो सादर केला तर त्याच्या जाण्याचे पैसे मी घेतले, असे होईल, या विचाराने हात पुढे जात नाही. हे लिहिताना यातला वेडेपणा मला दिसतो आहे.

समुपदेशक ताईंचे म्हणणे बुद्धीला पटते. इंग्रज आणि गुरखे समजले. परंतु स्वयंपाकघराचे दार लोटले की त्या तीन चौकटी समोर येतात आणि मी त्यांच्याशी वाद घालू शकत नाही. कॅलेंडर काढून का टाकत नाही असे बहिणीने विचारले. काढले तर पुरावा नष्ट केल्यासारखे वाटेल.

गणिताच्या बाई | २१ ऑगस्ट, सकाळी ६.१५

मी शाळेत तीस वर्षे गणित शिकविले, सांत्वन करण्याचे मला जमत नाही. एकच विचारते. तुम्ही रिकाम्या चौकटी मोजल्यात. तीन, कोणत्या तारखेच्या, कोणत्या कारणाने, सगळे पाठ आहे. खुणा केलेल्या चौकटी किती आहेत? तो आकडा तुमच्या लिहिण्यात कुठेच नाही. एका बाजूची बेरीज करून ताळेबंद होत नाही, हे तुम्हाला महिनाअखेरीच्या कामात मी सांगायला नको. पुरावाच म्हणता ना, मग सगळा दाखल करा.

सद्भाव | २१ ऑगस्ट, सकाळी १०.४०

माझ्या शब्दांनी दुखावले असेल तर क्षमस्व. काल रात्री पुन्हा वाचताना माझी चूक दिसली. माझे सख्खे काका असे गेले होते आणि घरात चाळीस वर्षे कोणी त्यांचे नाव घेतलेले नाही. काकू सर्व व्रतवैकल्ये करीत राहिल्या. त्यांना कधी कोणी "तुझ्याकडून काही उणे राहिले नव्हते" असे म्हटले होते का, हे काल पहिल्यांदा मनात आले. त्या आता नाहीत.

खिडकीची जागा | २१ ऑगस्ट, दुपारी ४.२५

मुलीविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. मी त्या मुलीच्या जागी होते. बाबा गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि मला ताप डोक्यात गेला असे सांगितले होते. पुढे कित्येक वर्षे मला ताप आला की मी मरणार या भीतीने मी थर्मामीटर लपवून ठेवायचे, हे आईला आजही माहीत नाही. खरे काय ते दहावीत असताना एका वर्गमैत्रिणीकडून कळले. तिच्या आईने तिला सांगितले होते आणि तिने भांडणात मला सांगितले. बाबांच्या जाण्यापेक्षा मला त्या दिवशी जास्त एकटे वाटले, कारण सगळ्या चाळीला ठाऊक होते आणि मलाच नव्हते.

तुमच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे असे तुम्हीच लिहिलेत. म्हणजे मुलीला कळणार आहेच, कोणाकडून कळावे एवढेच तुमच्या हातात आहे. तपशील सांगायची गरज नाही. बाबांना मनाचा आजार होता, तो इतका वाढला की त्यांना त्यातून वाट दिसेनाशी झाली आणि त्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले, डॉक्टर आणि आपण सगळे प्रयत्न करीत होतो. एवढे पुरते. आणि तिने काही केले म्हणून किंवा केले नाही म्हणून हे झालेले नाही, हे तिने विचारले नाही तरी सांगा. मुले हा प्रश्न विचारीत नाहीत, बाळगतात. मी हट्ट करून बाबांना सर्कशीला नेले नसते तर, असे मी वर्षानुवर्षे धरून चालले होते.

ठाण्याची समुपदेशक | २१ ऑगस्ट, सायंकाळी ६.००

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. फक्त एक जोड. तिने "तुला पण तो आजार होईल का?" असे विचारले तर गडबडू नका. मुले जवळजवळ हमखास हे विचारतात, त्यांना उरलेल्या पालकाची खात्री हवी असते. उत्तर खरे आणि साधे असू द्या. मला वाईट वाटते, मी रडते, आणि फार वाटले तर मी डॉक्टरांकडे जाईन. आणि मग खरेच जा.

गिरगाव चौपाटी | २१ ऑगस्ट, रात्री ९.१०

मला मूल नाही, त्यामुळे त्याबद्दल बोलत नाही. विम्याच्या पैशांबद्दल मात्र बोलतो. मी बायकोच्या पॉलिसीचा अर्ज केला नव्हता. अभिमान होता की शिक्षा, ठाऊक नाही. परिणाम एवढाच झाला की पुढच्या वर्षी आईच्या शस्त्रक्रियेसाठी मी व्याजाने पैसे काढले. बायको असती तर तिने मला दोन तास व्यवहार शिकविला असता. अर्ज कपाटातून काढा.

पारिजात | ४ सप्टेंबर, दुपारी २.३०

ओसरी, दोन आठवडे झाले. गणपतीची गडबड असेल, तरी एक ओळ टाका. कशा आहात?

ओसरी | ७ सप्टेंबर, रात्री १०.५०

उशिराबद्दल क्षमा करा. गणपती यंदा आणला नाही, परंतु मुलगी शेजाऱ्यांच्या गणपतीला रोज दोन्ही वेळा आरतीला गेली. काल मिरवणुका निघाल्या तेव्हा आम्ही दोघी खिडकीत बसलो होतो.

सासूबाई थोरल्या दिरांबरोबर त्र्यंबकेश्वरला जाऊन आल्या. मी गेले नाही. निघताना त्यांना मी सांगितले की तुमचा मुलगा तुमच्यामुळे गेला नाही. त्या काहीच बोलल्या नाहीत, पिशवीतला डबा काढून पुन्हा नीट लावला. रात्री तिकडून फोन करून मी जेवले का, असे विचारले.

अर्ज शुक्रवारी सादर केला. पोलिसांच्या अहवालासाठी फेऱ्या चालू आहेत.

गणिताच्या बाई, तुमचे लिहिणे वाचून आधी राग आला होता. नंतर एका रविवारी माळ्यावरून जुनी कॅलेंडरे काढली. जुनी कॅलेंडरे मी ठेवते, कारण मागे दूधवाल्याचा हिशेब असतो. २०२२ चे सापडले नाही. १ जानेवारी २०२३ पासून ५ फेब्रुवारी २०२५ पर्यंत ७६७ दिवस होतात. त्यांतल्या ७२६ चौकटींत खूण आहे. ४१ रिकाम्या आहेत.

मला तीनच रिकाम्या आठवत होत्या. एक्केचाळीस आहेत. मे २०२३ मध्ये आम्ही गावी गेलो तेव्हा गोळ्यांची पिशवी डायनिंग टेबलावरच राहिली होती आणि तालुक्याच्या दुकानात ते औषध मिळाले नव्हते. तिथे सलग अकरा चौकटी रिकाम्या आहेत. त्या अकरा दिवसांत तो रोज समुद्रावर जात होता, मुलीला त्याने शिंपल्यांची माळ करून दिली होती. ते अकरा दिवस मी साफ विसरले होते, कारण त्यांच्या शेवटी काही झाले नाही. समुपदेशक ताई, गुरखे जिंकले की इंग्रज, ते मला तेव्हा माळ्यावरच्या स्टुलावर बसून कळले. औषधाला अर्थ नव्हता असे मी म्हणत नाही, उलट सुलटही काही म्हणत नाही. एवढेच की त्या तीन चौकटी आता त्या ३८ चौकटींच्या शेजारी बसल्या आहेत आणि त्यांचा आवाज थोडा खाली आला आहे. आज सकाळी पुन्हा वर गेला होता, हेही खरे आहे.

मी मोजत असताना मुलगी आली आणि ह्या खुणा कसल्या, असे तिने विचारले. मी तिला सांगितले. बाबांच्या गोळीच्या खुणा आहेत, असे म्हणून सुरुवात केली आणि मग थांबता आले नाही. खिडकीची जागा यांनी लिहिले होते ते सगळे, जवळजवळ त्याच क्रमाने. तिने "मला थोडं माहीत होतं" असे म्हटले. लिफ्टमध्ये कोणीतरी बोलले होते. मग बराच वेळ ती माझ्या मांडीवर डोके ठेवून पडली. तुला पण होईल का, असे तिने विचारलेच. तुम्ही सांगितलेले उत्तर दिले. सोमवारची वेळ घेतली आहे, दोघींची.

नंतर उठून तिने २०२४ चे कॅलेंडर ओढले आणि पहिल्यापासून स्वतः मोजायला घेतले. तिची बेरीज माझ्याशी जुळेना. जूनच्या पानावर बोट ठेवून म्हणाली, "आई, सोळा तारखेला खूण आहे. फक्त उमटली नाहीये, पेन संपलं असणार. हात लावून बघ." मी हात लावून पाहिला. कागदावर दाबलेली रेघ हाताला लागते. वरच्या आकड्यांत तेवढी दुरुस्ती समजावी, रिकाम्या ४० आहेत.